मारुतीला सुटलं, चहाकडे तीन

भाऊजी, तुम्ही जायची वेळ अगदी चुकीची निवडलीत. आणखी सोळा दिवस थांबला असतात, तर तुमच्याच दुकानात, तुमच्याच टेबलाशी असा काही प्रयोग रंगला की चष्मा कपाळावर ढकलून तुम्ही म्हणाला असतात, "वहिनी, हे काही मला पटत नाही." आणि पटलं असतं. अर्थात तुम्ही थांबला असतात तर हे घडलंच नसतं. हा भाग मला अजून नीट सांगता येत नाही. तो बाजूला ठेवते आणि बातमीकडे येते, कारण ती माझ्या पोटात राहत नाहीये.

तुमचा भाऊ तुमच्या दुकानात आला होता. सलग नऊ दिवस.

आता इथल्या मराठी मंडळाच्या अंकात हे छापून येणार, तेव्हा ज्यांना आपण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सुधाकर माझे धाकटे दीर. दुबईतल्या देऱ्यात, खाडीच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या बाजूला, ते कॅमेऱ्याच्या लेन्स दुरुस्त करत. भिंग म्हटलं तर रागवायचे. "भिंग शाळेच्या प्रयोगशाळेत असतं वहिनी, ही लेन्स आहे." माझा नवरा अरुण त्यांचा थोरला भाऊ. त्याचं शारजात कॅमेऱ्यांचं दुकान. दोन्ही दुकानांवर पाटी एकच, 'करवीर कॅमेरा'. दोन अमिरातींची दोन लायसन्सं, म्हणून एकच नाव दोघांना मिळालं. आणि हे दोघे सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. झाली ओळख. आता तुम्ही आणि मी.

तुम्हाला आठवतं, तुम्ही मला पहिल्यांदा त्या जर्मन घराण्याची गोष्ट कधी सांगितलीत? माझं लग्न होऊन दीड महिना झाला होता आणि अरुण दुबईला निघून आला होता. मला फॅमिली व्हिसा मिळेपर्यंत तीन वर्षं मी कोल्हापुरात, सासरी. तुम्ही वीस वर्षांचे. अप्पा, म्हणजे माझे सासरे, रस्त्याकडेच्या खोलीत स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे आणि कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायचे आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसून शिकायचात. मी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. नव्या सुनेशी काय बोलायचं ते तुम्हाला कळेना, म्हणून तुम्ही इतिहास सुरू केलात. दुसरा कुणी दीर सिनेमाबद्दल बोलला असता.

कंपनीचं नाव मी इथेही लिहीत नाही. तुम्ही म्हणायचात, नाव ऐकलं की लोक काच बघायचं सोडून देतात. घराणंच म्हणायचं. जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात एक मेकॅनिक होता, तो सूक्ष्मदर्शक बनवायचा. कामगाराने बनवलेला सूक्ष्मदर्शक मनासारखा उतरला नाही, तर ऐरणीवर ठेवून हातोड्याने फोडायचा. विकायचा नाही, स्वस्तात द्यायचा नाही, फोडायचा. तेव्हा काचा अंदाजाने घासायच्या, बसवून बघायच्या, नाही जमलं की दुसरी घ्यायची. मग त्याला विद्यापीठातला एक प्राध्यापक भेटला, गिरणी कामगाराचा मुलगा. तो म्हणाला, आधी गणित करू, मग काच घासू. मग तिसरा आला, नवी काच वितळवणारा. म्हातारा मेकॅनिक गेल्यावर प्राध्यापकाने कारखाना स्वतःच्या खिशात घातला नाही, एका संस्थेच्या नावाने करून टाकला. कामाचे तास कमी केले. तुमच्या आवाजात एवढी ऊब यायची की वाटायचं हा प्राध्यापक आपल्याच गल्लीत राहतो आणि आत्ता दळण घेऊन येईल.

मला गोष्ट सांगायला तुम्ही शिकवलंत, भाऊजी. आणि पुढे आयुष्यभर मी ती कशी सांगते यावर तक्रार केलीत.

मंडळाच्या त्या गणपतीचा प्रयोग घ्या. शाळेचा हॉल, अडीचशे माणसं, आणि मी स्टेजवर 'एका काचेची कहाणी' सांगतेय. ऐरणीच्या प्रसंगाला मी खलबत्त्याचा बत्ता आणला होता आणि तो हाणला तेव्हा पुढच्या रांगेतलं एक बाळ दचकून रडलं. टाळ्या पडल्या. मग मी महायुद्धाच्या शेवटावर आले. रशियन रणगाडे गावात शिरताहेत, आणि त्यांच्या मागून अमेरिकन ट्रक...

"उलटं," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

मी थांबले.

"वहिनी, आधी अमेरिकन आले. निवडक माणसं ट्रकमध्ये घालून पश्चिमेला घेऊन गेले. मग ते गाव रशियनांच्या वाट्याला आलं, त्यांनी यंत्रं नेली."

"भाऊजी, रणगाडे नंतर आले तर मजा जाते."

"मजा जाऊ दे की."

अडीचशे माणसं हसली. मंडळाचे अध्यक्ष माइक घेऊन म्हणाले, "सुधाकरशेठ, तुम्ही वर येऊनच सांगा." तुम्ही आला नाहीत. तुम्ही स्टेजवर कधीच आला नसतात, तुम्हाला फक्त रांगेतून दुरुस्ती करायची होती. ती तुमची लकब मला तेव्हा इतकी संताप आणायची. आता कुठल्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेकडे न बघता मी बोलणार आहे, कुणास ठाऊक.

पण तुमची ती दुरुस्ती खरी होती, आणि पुढे आपल्या घरातही तोच क्रम लागला. आधी माणसं गेली, यंत्रं मागे राहिली. देऱ्याचं दुकान तेव्हा दोघांचं होतं; मोबाइल आले तसं अरुण म्हणाला, दुरुस्तीचं टेबल बंद करू, नवं विकू, शारजात भाडं कमी आहे. तुम्ही म्हणालात, टेबल बंद होणार नाही. मी त्या दिवशी स्वयंपाकघरात श्रीखंड घोटत होते आणि बाहेरचं एकेक वाक्य ऐकत होते.

"अप्पांचं टेबल बंद करायला निघालास तू, दादा. तुला काय माहीत ते टेबल? तू तर निघून आलास."

"मी आलो म्हणून तुम्ही सगळे आलात, सुध्या. नाहीतर बसला असतास तिथेच."

"बसलोच होतो. तीन वर्षं. अप्पांच्या शेजारी."

"हां, मग बस आताही."

खलास. अरुण गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची डायरी घेऊन शारजाला गेला. तुम्ही टेबल, हत्यारं आणि खिडकी घेऊन देऱ्यात राहिलात. नाव दोघांनीही ठेवलं. त्या जर्मन घराण्याचंही असंच झालं होतं ना, दोन देशांत दोन कारखाने, दोन्ही एकाच नावाने लेन्स विकताहेत आणि जगभरच्या कोर्टांत भांडताहेत की खरे आम्ही. कुठल्या देशात एकाला नाव मिळालं, कुठल्या देशात दुसऱ्याला. मी म्हटलं, "भाऊजी, बघा, घराण्याची गादी चालवताय तुम्ही दोघे." तुम्ही म्हणालात, "वहिनी, जर्मनीचा आणि आमचा काही संबंध नाही." अरुणला म्हटलं, तर तो म्हणाला, "चंद्रावर गेल्या त्या लेन्स पश्चिमेच्या." दोघेही रोज त्याच तुलनेवर जगत होतात, मान्य मात्र कुणी करत नव्हतं.

तिकडे मध्ये भिंत होती, इकडे आपल्याकडे संध्याकाळचं ट्रॅफिक. दोन्हीकडे जाण्याची परवानगी असलेली मी एकटी. दर शनिवारी डबा घेऊन शारजाहून देऱ्याला, दीड तास जायला आणि यायला देव जाणे किती. अरुण पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "तिखट कमी घाल, त्याला ॲसिडिटी आहे."

"कुणाला?"

"कुणाला नाही."

आणि तुम्ही डबा उघडून म्हणायचात, "वहिनी, हल्ली तिखट विसरता काय?" मी दोघांनाही काही बोलले नाही. मला वाटलं होतं अशा ने-आणीत कधीतरी काहीतरी वितळेल. आमच्या ईशाने तर सरळ सांगितलं होतं, "आई, यू आर देअर व्हॉट्सॲप." तिचं चुकलं. व्हॉट्सॲपवर निदान दोन निळ्या खुणा तरी दिसतात.

आपला एक वाद अर्धा राहिला आहे, आणि त्यात मी हरले होते हे आज लिहून देते. मागच्या दिवाळीत मी तुमच्या खिडकीत बसून म्हटलं, घराण्याची दोन्ही पाती शेवटी एकत्र आली ना, भिंत पडली, गोष्ट गोड झाली. मग तुम्ही दोघे का नाही?

तुम्ही हातातला चिमटा खाली ठेवलात. "एकत्र आली म्हणता, वहिनी. पश्चिमेच्या कंपनीने पूर्वेची घेतली. नाव एक झालं. आणि पूर्वेच्या गावातली कित्येक माणसं, चाळीस वर्षं त्याच टेबलावर बसलेली, घरी गेली. तुमची गोष्ट जिथे टाळ्या घेते ना, तिथे त्यांची सुरू होते."

"म्हणजे अरुण तुम्हाला गिळेल असं वाटतं तुम्हाला?"

"दादा मला एक कोपरा देईल. छान एसी कोपरा. शारजात. आणि गिऱ्हाइकाला सांगेल, हा माझा भाऊ, जुनी कामं बघतो." तुम्ही परत चिमटा उचललात. "मला विलीन व्हायचं नाही. त्याला यायचं असेल तर त्याने टेबलाशी यावं."

मी म्हटलं, तो नाही येणार. तुम्ही म्हणालात, मग राहिलं. मी हे अरुणला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. इतक्या गोष्टी इकडच्या तिकडे केल्या, तिखटाच्या, औषधांच्या, मुलीच्या मार्कांच्या, आणि हे एकच वाक्य जपून ठेवलं, कारण त्याने नाही म्हटलं असतं तर माझी गोष्टच संपली असती. यासाठी तुमची माफी मागते. हसत नाहीये.

मग तुम्ही गेलात. कागदपत्रं सगळी अरुणने केली, या सरकारी खिडकीतून त्या खिडकीत. पंधराव्या दिवशी इमारतवाल्यांचा फोन आला, महिनाअखेर दुकान रिकामं करा. मी चावी घेऊन गेले. टेबलावर बावीस ट्रे, प्रत्येकात एक उघडलेली लेन्स, काचा कागदात, स्क्रू झाकणात, आणि एक चिठ्ठी. तुमचा फोन चार्जरवर वाजत होता. बावीस माणसं आपापली लेन्स मागत होती.

घरी येऊन सांगितलं. अरुण म्हणाला, "ज्याची त्याची पिशवीत घालून देऊन टाक."

"सुटी?"

"मग काय करणार?"

मला इतका राग कधी आला नव्हता. अप्पांच्या दुकानाचा एकच नियम होता, उघडलेली वस्तू उघडी परत जात नाही. बावीस माणसांनी पिशवीत खुळखुळणारी लेन्स घरी नेली असती आणि म्हणाली असती, देऱ्याचा तो म्हातारा शेवटी भंगार करून गेला. तीस वर्षांच्या कामाचा हा निकाल. मी रडले असते तर अरुणने पाणी आणून दिलं असतं आणि उठून गेला असता. म्हणून मी ते केलं जे मला येतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सहज म्हटलं, "सुटलास तू. माणूस मिळाला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एक टेक्निशियन आहे, फिलिप नावाचा. सगळ्या जोडून देतो म्हणाला."

"बरं झालं."

"चिठ्ठ्या बघून खूप हसला. म्हणाला, मॅडम, हे कुणा वेड्याने लिहिलंय. फेकून द्या, मी माझ्या पद्धतीने करतो."

अरुणने कप खाली ठेवला. "वेडा म्हणाला?"

"वेडा की अडाणी, नक्की आठवत नाही."

"चावी कुठंय?"

भाऊजी, फिलिप नाही. कधी नव्हता. त्याला मी बनवला, इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून, अरुणचे शर्ट करता करता. मी त्याला मिशाही दिल्या होत्या, पण त्या वापरायची वेळ आली नाही. अरुण, तू हे अंकात वाचत असशील तर शेव तळलेली डब्यात आहे आणि मी बहिणीकडे आहे.

गाडीत तो एकदाच बोलला, "अप्पांची पद्धत आहे ती." ट्रॅफिकमध्ये समोर बघत.

आता ती पद्धत वाचकांना सांगते, थोडक्यात, आणि तुम्ही वरून दुरुस्ती करू नका. लेन्सची नळी फिरते ती आतल्या आट्यांवर. साध्या स्क्रूला आट्याचं एक तोंड असतं, या नळीला सहा-सात असतात. उघडताना कुठे सुटली आणि कुठल्या तोंडातून परत घालायची हे लिहून ठेवलं नाही, तर ती बसते, फिरतेही मस्त, पण दूरचं कधीच स्पष्ट दिसत नाही. बाकीचे लोक धातूवर सुईने ओरखडा काढतात. अप्पांना गिऱ्हाइकाच्या वस्तूवर ओरखडा चालायचा नाही. डावं-उजवं लिहिलं तर आपलं की समोरच्याचं यात घोळ होतो. म्हणून ते आपल्या टेबलाच्या आजूबाजूच्या खुणा लिहायचे. खिडकीतून समोर मारुतीचं देऊळ. एका हाताला चहाची टपरी, दुसऱ्या हाताला पिठाची गिरणी. 'मारुतीला सुटलं, चहाकडे तीन.' म्हणजे लेन्सवरचा लाल ठिपका समोर, मारुतीकडे असताना नळी सुटली, तिथून चहाच्या बाजूला तिसरं तोंड. अप्पांचा हिशेब, की मारुती काही जागचा हलत नाही.

आणि भाऊजी, देऱ्यात खाडीसमोर बसून तुम्ही तीस वर्षं मारुतीच लिहीत होतात.

अरुण तुमच्या स्टुलावर नाही बसला. कोपऱ्यातलं गिऱ्हाइकांचं प्लॅस्टिकचं उचलून आणलं. पहिली चिठ्ठी चष्म्याजवळ धरली. "मारुतीला सुटलं. सायकलकडे दोन." परत वाचलं. "सायकल? ही कुठली सायकल?"

दुसरी बघितली, तिच्यात चहा होता. तिसरीत परत सायकल. गिरणी एकाही चिठ्ठीत नव्हती.

"गिरणी बंद पडली असेल," तो म्हणाला, "तिथे सायकलवाला आला असेल. म्हणजे चहा डावीकडे, सायकल उजवीकडे." अकरा वर्षांत त्याने स्क्रू हातात धरला नव्हता, तरी तासाभरात पहिली लेन्स बंद केली. कॅमेऱ्यावर चढवली, खिडकीत गेला, खाडीपलीकडच्या मिनारावरच्या चंद्रकोरीवर धरली. नळी पुढे-मागे फिरवून बघितली. दिसलं नाही.

"याने चुकीचं लिहिलंय," तो म्हणाला. इतक्या हलक्या आवाजात, की मला कळलं, त्याला तसं असायला नको होतं.

आणि भाऊजी, तिथे मला गोष्ट आठवली. "चहा उजवीकडे आहे," मी म्हटलं.

"चहाची टपरी डावीकडे होती. मी जन्मलो त्या गल्लीत."

"तू होतास तेव्हा डावीकडे. तू इकडे आल्यावर गिरणी बंद पडली आणि चहावाल्याने गिरणीची जागा घेतली. टपरीच्या जागी सायकलवाला बसला. वर्षभर त्या चहाला पिठाचा वास यायचा. भाऊजी म्हणायचे, वहिनी, हा चहा नाही, पेज आहे, मीठ घालून प्या."

"हे तू आत्ता बनवतेयस."

माझ्याबद्दल असं म्हणणारे तुम्ही होतात, आता तोही म्हणाला. पण हे मी बनवलं नव्हतं. मी उंबऱ्यावर बसून रोज बघितलं होतं, किटली कुठल्या दारातून येते ते. "घाल," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूने दोन. यल्ला, चल."

त्याने परत उघडली. दुसऱ्या बाजूने दोन तोंडं मोजली, घातली, फिरवली, खिडकीत गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही. मग त्याने कॅमेरा माझ्याकडे दिला. मिनारावरची चंद्रकोर ताऱ्यासारखी लख्ख, तिच्यावर बसलेल्या कबुतराची पिसंसुद्धा मोजता येतील अशी.

आणि अरुण म्हणाला, "म्हणजे तीन वर्षं त्याने माझ्याशिवायची गल्ली बघितली."

मी म्हटलं, हो.

"मी कधी विचारलंच नाही, मी गेल्यावर काय काय हललं ते."

मग तो रोज आला. सकाळी शारजाचं दुकान उघडून मुलांवर सोपवायचा आणि अकराला देऱ्यात. ट्रे कमी होत गेले. एक दिवस टेबलावर घराण्याच्या दोन लेन्स शेजारी शेजारी होत्या, एक पूर्वेच्या कारखान्याची, एक पश्चिमेच्या. दोन्हींची नावाची कडं काढलेली, नुसत्या काचा. अरुणने एक उजेडात धरली, मग दुसरी. "सांग बरं कुठली कुणाची," मी म्हटलं. त्याने बराच वेळ लावला आणि म्हणाला, "कागदावर लिहिलेलं बघितल्याशिवाय नाही सांगता येणार." चंद्रावरचं काही बोलला नाही.

सातव्या दिवशी तो म्हातारा अरबी गृहस्थ आला, ससाण्यांचे फोटो काढणारा, ज्याच्यासाठी तुम्ही खजुराचे डबे फ्रिजमध्ये ठेवायचात. अरुणकडे बघून दारातच थांबला. "सुधाकर का भाई?"

"हां," अरुण म्हणाला.

"शारजावाला?"

"हां."

म्हातारा बसला, लेन्स हातात घेऊन फिरवली, कानाशी धरून आवाज ऐकला, तुम्ही ऐकायचात तसा. "सुधाकर बोलता था, मेरे भाई का हाथ मेरे से अच्छा है। सिर्फ ज़बान खराब है।" आणि खो खो हसला. अरुण हसला नाही. मग हसला. मग आत जाऊन बराच वेळ नळ सुरू ठेवून उभा राहिला.

हे तुम्ही त्याला का नाही सांगितलंत, भाऊजी? मला तरी सांगायचं. मी दर शनिवारी येत होते. मी दीड तासाचं ट्रॅफिक कापून ते वाक्य गरमागरम पोचवलं असतं. तुम्हीही एक वाक्य जपून ठेवलं होतंत तर. चला, आपली फिटली.

नवव्या दिवशी एकच ट्रे राहिला. एका केरळी फोटोग्राफरची जुनी लेन्स. अरुणने चिठ्ठी उचलली आणि उलटी करून बघितली, मागे काही आहे का. 'मारुतीला सुटलं. सायकलकडे', आणि पुढे काही नाही. तुमचं निळं पेन त्याच ट्रेमध्ये होतं, टोपण काढलेलं, सुकून गेलेलं. तुम्ही तोंडं मोजत होतात, भाऊजी, आणि आकडा लिहायच्या आधी उठलात.

मी ते पेन उचलून त्याला टोपण लावलं.

अरुणने बाह्या सरसावल्या. लाल ठिपका समोर धरला. सायकलच्या बाजूचं पहिलं तोंड पकडलं, नळी घातली, खिडकीत गेला, आला, उघडली. दुसरं. खिडकीत गेला, आला, उघडली. तिसऱ्याला चंद्रकोर जराशी जवळ आल्यासारखी वाटली, पण त्याने मान हलवली. चौथ्याला मी म्हटलं, चालेल, गिऱ्हाइकाला कळणार नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. परत उघडली, जुनं ग्रीस पुसून नवं लावलं, कारण आता चारदा उघडून झाली होती आणि तसंच करायचं असतं. मग परत घातली आणि खिडकीत गेला.

तिकडून तो लगेच आला नाही. आला तो टेबलाशी वाकला, खिशातलं काळं पेन काढलं, आणि तुमच्या निळ्या ओळीपुढे आकडा लिहिला. मग कामात असताना शेजारच्याला सांगतात तशा साध्या आवाजात, तुमच्या स्टुलाकडे मान न वळवता, म्हणाला,

"सुध्या, पाच."